वाकळेचं पोट

माझ्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा सुई हातात धरली तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता, आणि त्यानं ती कुदळ धरावी तशी दोन्ही हातांनी धरली होती.

त्याचं नाव तातेराव. मी त्याची थोरली बहीण, जनकाबाई. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं, मधे दोन गल्ल्या. त्यामुळं माहेरी जाताना मला कधी पिशवी भरावी लागली नाही आणि सासरी येताना कधी मनासारखं रडता आलं नाही. तात्याला मी कडेवर घेऊन वाढवलं. लहानपणी तो एवढा हट्टी होता, की एकदा गूळ दिला नाही म्हणून दिवसभर ज्वारीच्या कणगीत जाऊन बसला. आम्ही विहिरीत गळ टाकून शोधत होतो आणि हा कणगीत घोरत होता.

गेल्या भाद्रपदात त्याची बायको मनकर्णा वारली. आठ दिवस तापानं फणफणली. हिंगोलीला नेली, तिथून नांदेडला नेली, आणि परत आली ती पांढऱ्या कापडात. बेचाळीस वर्षांचा संसार. तात्या रडला नाही. तेराव्याला धोतर खोचून शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होता. चौदाव्या दिवशी गोठ्यात जाऊन बसला तो तिथंच राहिला. म्हशीच्या दावणीशेजारी बाज टाकली आणि घरात पाय ठेवीना.

मी रोज भाकरी घेऊन जायची. तो चतकोर खायचा आणि उरलेली म्हशीला चारायचा. सोयाबीन काढून झालं, मळून झालं, हरभरा पेरून झाला. हळदीला पाणी द्यायला लाइटीच्या वेळेप्रमाणं हा मोटर चालू करायचा आणि बंद करायचा. काम सगळं बराबर, पण तोंडातून शब्द नाही. कार्तिक लागेस्तोवर म्हैस जाड झाली आणि तात्या वाळून काडी झाला.

"घरात चल की रं, मर्दा," मी म्हणायची.

"काय हाय घरात?"

"चूल हाय, छप्पर हाय."

"म्हशीला बी छप्पर हाय," तो म्हणायचा, की संपलं.

आता वाकळेचं सांगते. तात्याची एकुलती एक लेक प्रियंका. वसमतकडं दिलेली. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. किती दवाखाने झाले, किती गुरुवार झाले. शेवटी ज्येष्ठात तिचा फोन आला, आणि मनकर्णानं त्याच दिवशी ट्रंक उघडली. लेकराची पहिली वाकळ आजोळची असते. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी तिनं थरावर थर अंथरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि कडेपासून शिवायला बसली. आमच्याकडं वाकळ कडेकडून मधे शिवत जातात. सगळ्यात शेवटी मधला चौकोन राहतो, त्याला वाकळेचं पोट म्हणतात. त्यात ज्वारीचे सात दाणे घालून मगच शेवटची बाजू शिवायची. वाकळ उपाशी ठेवायची नसते. उपाशी वाकळेला ऊब येत नाही.

मनकर्णाची निम्मी झाली होती.

कार्तिकात प्रियंकाची सासू मिराबाई हिचा मला फोन आला. बाई कडक. फोनवरसुद्धा ती उभी राहून बोलतेय असं वाटायचं.

"आक्का, ती अर्धी वाकळ तेवढी नदीला सोडून द्या. मेलेल्या हाताचं काम माज्या नातवाच्या अंगाखाली नको. सात वर्सांनी दिवस गेलेत. आमी इकत आनू. बाजारात लई छान मिळतात, हत्ती-घोडे काढलेल्या."

संध्याकाळी प्रियंकाचा फोन आला. रडून आवाज बसलेला.

"आत्या, पयलं बाळंतपन माहेरात असतंय. माजं माहेर तर गोठ्यात जाऊन बसलं. तुमचे गुडघे असे, तुमाला तकलीफ कशी देऊ? हितंच होईन मी बाळंत. पर आईची वाकळ तरी येऊ द्या. मला दुसरं काय नगं."

मी तशीच उठले आणि गोठ्यात गेले. तात्या म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळेना. आणि मग मी उभ्या उभ्या एक नियम तयार केला.

"वाकळ कुनाची असते ठावं हाय का? ज्याच्या हातानं शेवटचा टाका पडंल त्याची. जित्या मानसानं पुरी केली, की ती जित्या मानसाची. मग तिच्यात मेलेल्याचं काय ऱ्हात न्हाई."

"असं कुटं असतंय?"

"आपल्या आज्जीच्या टायमाला असायचं."

आज्जीच्या तोंडी घातली, की आमच्या घरात कोणतीही गोष्ट खरी होते. तात्यानं गोचिडी टाचेखाली चिरडली.

"मग तू कर पुरी."

"माजं घर येगळं. ज्या घरची वाकळ, त्याच घरचा हात लागतो."

तात्यानं इकडं तिकडं पाहिलं. त्या घरात आता दोनच जीव होते.

"काय बघून राहिलास?" मी म्हणाले. "म्हैस शिवनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, मोटरीची लाइट गेल्यावर, तो उंबऱ्यापर्यंत आला. "हितं आन," म्हणाला. मी म्हणाले, गोठ्यात शिवली तर लेकराच्या नाकात शेणाचा वास जाईल. तो बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मग चपला काढल्या आणि आत आला. भीत भीत घरात शिरलेल्या मांजरावर आपण जशी नजर टाकत नाही, तशी मी दुसरीकडं पाहत राहिले.

सुईत दोरा ओवायलाच पहिला दिवस गेला. तो दोरा थुंकीनं ओला करायचा, एक डोळा मिटायचा, जीभ बाहेर काढायचा, आणि दोरा सुईच्या शेजारून निघून जायचा.

"बैलाच्या नाकात येसन घालताना तुजा हात कदी चुकला न्हाई," मी म्हणाले.

"बैल मोठा असतो, आक्का."

पहिली ओळ शिवली ती मी आजही विसरले नाही. मनकर्णाचे टाके तांदळाच्या कणीएवढे, एकापाठी एक. तिथून पुढं तात्याचे सुरू झाले. तांड्यावरची रूपाबाई त्या दिवसांत आमच्याकडं कापूस वेचायला यायची. तिच्या हातात कला. आरसे लावून असं शिवायची, की डोळे दिपावेत. पाणी प्यायला ओसरीवर आली आणि वाकळेकडं बघत तांब्या तोंडाशी तसाच धरून उभी राहिली.

"दादा, ही वळ हाय का चालता बैल मुतला?"

तात्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा सुई टाकून गोठा गाठणार. पण त्यानं वाकळ उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "बैल बरा. त्याला सुई टोचत न्हाई."

रूपाबाई हसत खाली बसली. तिनं कमरेच्या बटव्यातलं, सुई ढकलायचं पितळेचं टोपण काढून त्याच्या बोटात घालायचा प्रयत्न केला. ते करंगळीतच जेमतेम गेलं. "करंगळीनं ढकला मंग," ती म्हणाली. आणि तात्या खरंच करंगळीनं सुई ढकलायला शिकला. असं शिवणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

गावात ही बातमी पसरायला एक दिवस लागला. पारावरचे लोक त्याला बघून खाकरायचे. एकानं विचारलं, "तातेराव, झंपराचं माप घेतो का?" तात्या सरळ त्याच्याकडं चालत गेला. "घेतो की. पर आदी तुजं तोंड आन. ते लई फाटलंय." हे मला पिठाच्या गिरणीत कळलं, आणि मी दळण तिथंच ठेवून आधी हसून घेतलं. भाद्रपदापासून तो गावातल्या माणसाशी एवढं पहिल्यांदा बोलला होता.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. एक दिवस मी सहज बोलून गेले, की बाईचा राग टाक्यात उतरतो. राग असला, की टाका आखूड आणि घट्ट पडतो, कापडाला चुणी येते. झालं. तात्यानं चष्मा पुसला आणि मनकर्णानं शिवलेला भाग बोटानं तपासायला लागला, जसा तो हळदीची पानं उलटून कीड बघतो.

"आक्का, हितं चुणी हाय."

मी पाहिलं. तिथलं ठिगळ प्रियंकाच्या शाळेच्या फ्रॉकचं होतं. मला आठवत होतं. ती शिवायची तेव्हा मी तिच्यासमोर गप्पा मारत बसत असे.

"ते व्हय? तू बिनसांगता चार मानसं जेवायला आनलीस त्या दिसाचं. भाकरीचं पीठ संपलं हुतं."

तात्या पुढं सरकला.

"आन हितं?"

"हितं तू शेळी इकली. तिला न इचारता."

"शेळी म्हातारी झालती."

"ती बी हेच म्हनली. म्हनली, उद्या मला बी इकंल."

असं करता करता संध्याकाळपर्यंत त्याचे नऊ गुन्हे निघाले. दोन मला आठवेनात, तर ते त्यानंच आठवून सांगितले. एका ठिकाणी तो खूश झाला. "हितं बग, हितं टाके कसे सैल पडलेत! ह्या दिवशी म्या काय केलं हुतं?" मी फार आठवलं. शेवटी खरं ते सांगितलं. "त्या दिवशी तू गावात नव्हतास. हिंगोलीला गेलावतास."

तो हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवत, पण हसला.

मग त्याचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. तिथं टाके ना घट्ट होते, ना सैल. तिरपे जात होते, मधेच थांबत होते, पुन्हा सुरू होत होते. एक टाका नुसताच वर आलेला, पुढं काही नाही.

"आन हा कसला राग हाय?" त्यानं विचारलं.

"तो राग न्हाई, तात्या. ताप हाय."

त्यानं त्या टाक्यावर तळहात ठेवला. कपाळावर ठेवावा तसा. खूप वेळ काढला नाही. मी उठून चुलीकडं गेले आणि उगाच भांडी वाजवत बसले, म्हणजे त्याला रडताना माझी लाज वाटू नये. त्या रात्री त्यानं बाज गोठ्यातून ओसरीवर आणली.

पुढं दीड महिना त्यानं रोज दुपारी वाकळ शिवली. तुरीला शेंगा लागल्या, थंडी वाढली. त्याचे टाके हळूहळू बैलाच्या वाटेवरून माणसाच्या वाटेवर आले. खायचा मात्र चतकोरच. म्हैस आपली उरलेल्या भाकरीची वाट बघत ठरल्या वेळेला ओरडायची.

मार्गशीर्षातला एक दिवस. वाकळेचा मधला चौकोन तेवढा राहिला होता. तात्या वाकळेवर मधोमध मांडी घालून बसला होता आणि चौकोनाची तिसरी बाजू संपवून त्यानं नुकतीच गाठ मारली होती. एवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. जावई स्वप्निल आणि त्याच्यामागं मिराबाई. नरसीला नामदेवाच्या दर्शनाला आले होते, तिथून न कळवता इकडं वळले.

विहीणबाई दारात आल्यावर मुलीच्या बापानं बसून राहायचं नसतं. तात्या ताडकन उठला.

आणि वाकळही उठली.

पठ्ठ्यानं धोतराचा सोगा वाकळेत शिवला होता. दोन पावलं तो पुढं गेला तशी वाकळ त्याच्यापुढं लोंबत, पायात येत चालली, पोळ्याच्या बैलाची झूल घसरून पुढं यावी तशी.

"रामराम, इहीणबाई," तात्या हात जोडून म्हणाला. त्याला अजून पत्ता नव्हता.

स्वप्निल बिचारा संस्कारी. तो पाया पडायला वाकला आणि वाकळेवर उभा राहिला. तात्यानं आशीर्वाद द्यायला अंग मागं घेतलं, आणि धोतराची गाठ कुरकुरली. मिराबाईनं एकदम वर आढ्याकडं बघायला सुरुवात केली.

"बस! बस खाली, मेल्या!" मी ओरडले.

"इहीणबाई उभ्या हायेत आन मी बसू?"

"बसला न्हाईस तर त्यांना आनखी काय काय बघावं लागंल!"

तेव्हा त्यानं खाली पाहिलं आणि बसला. बसला म्हणजे कोसळलाच. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गावात ज्याच्या शब्दाला वजन, तो विहिणीसमोर वाकळेला शिवलेला.

मिराबाईनं नजर आढ्यावरून खाली आणली. "ही तीच का? नदीला सोडाया सांगितलेली?"

मी पुढं झाले आणि आज्जीचा नियम सांगितला. शेवटचा टाका, जिता हात, घरचा माणूस, सगळं. आवाज अजिबात कापू दिला नाही.

"आमच्यात असं न्हाई," मिराबाई म्हणाली. "आमच्यात मेलेल्याची वस्तू ती मेलेल्याची."

तात्याचं तोंड उतरलं. त्याचा हात आपोआप त्या तापाच्या टाक्यावर गेला. मी कातर आणली.

"कातर न्हाई!" तो ओरडला. "कापायचं तर धोतर कापा. वाकळंला लावायची न्हाई."

"धोतर नवं हाय!"

"असू दे. सोगा तसाच ऱ्हाऊ दे तिच्यात."

"लेकराच्या वाकळंत आज्याचं धोतर लोंबत ठेवता का?" मिराबाई म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. जी बाई जन्मभर वाकळा शिवत आली, तिला चुकीचा टाका बघून हात आवरता येत नाहीत. तिनं चपला काढल्या, पदर खोचला, चष्मा लावला. "सरका. आन हालू नका."

ती त्याच्यासमोर बसली आणि सुईच्या टोकानं एक एक टाका उसवायला लागली. तात्या श्वास रोखून बसला होता, जसा न्हाव्यापुढं गळा देऊन बसतात.

"हे बारीक टाके कुनाचे?" तिनं विचारलं.

"मनकर्णाचे."

"हात चांगला हुता," ती म्हणाली. सात वर्षांत तिनं आमच्या मनकर्णाबद्दल काढलेला हा पहिला गोड शब्द. थोड्या वेळानं, "आन हे?"

"माजे."

"ते दिसतंय."

सोगा सुटला. पण तिसरी बाजूही उसवली. मिराबाईनं मान वर न करता हात पुढं केला, मी त्यात दोरा दिला, आणि तिनं ती बाजू पुन्हा शिवून काढली. वर विचारलं, "पोट भरलं का हिचं?" ही रीत तिच्याकडंही होती.

तात्या उठून आत गेला. मी सात दाणे आण म्हणून सांगितलं होतं. तो आला तो एका हातात अख्खी भाकरी, तिच्यावर गुळाचा खडा, आणि दुसऱ्या हातात मूठभर शेंगदाणे घेऊन.

"अहो पाव्हनं, उंदरं येतील की!" मिराबाई म्हणाली.

तात्या तिथंच उभा राहिला. "बेचाळीस वर्सं तिनं वाढलं," तो म्हणाला. "म्या एक दीस इचारलं न्हाई, तू जेवलीस का. आता सात दान्यावर कसं भागवू?"

स्वप्निल अंगणात जाऊन मोटरसायकल पुसायला लागला. ती काही घाण झालेली नव्हती.

मिराबाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, बोटानं चुरून अगदी पीठ केलं आणि चौकोनात घातला. त्यावर मीच आत जाऊन आणलेले सात दाणे मोजून सोडले. "एवढं चालतंय," ती म्हणाली आणि चौथी बाजू शिवायला लागली. शिवत गेली. कोपऱ्याला आली, गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

तात्यानं तिच्याकडं पाहिलं.

"इहीणबाई, शेवटचा टाका तुमचा पडला."

मिराबाईच्या दातात दोरा तसाच होता.

"म्हंजी वाकळ आता तुमची," मी म्हणाले.

"आमच्यात असं..." तिनं सुरू केलं आणि वाकळेकडं पाहिलं. आपल्याच हाताचे सरळ टाके. त्यांना नाव कसं ठेवणार?

"आई, तूच तर शिवली," स्वप्निल अंगणातून म्हणाला. लग्नात बोहल्यावर बघितल्यापासून मला तो जावई पहिल्यांदा आवडला.

मिराबाई उठली. वाकळ झटकली, घडी घातली, काखेत मारली. "उनात घालावी लागंल दोन दीस," एवढंच म्हणाली. पण धरली होती ती छातीशी.

ते गेल्यावर मी तात्याला विचारलं, "सुई तिच्या हातून घेता आली असती की रं तुला. काहून घेतली न्हाईस?" तो म्हणाला, "ध्यानात आलं न्हाई." कणगीत लपल्यावरही तो हेच म्हणाला होता, की झोप लागली, ध्यानात आलं न्हाई.

हातातली भाकरी तशीच होती. तो ओसरीच्या कडेला बसला आणि गुळाबरोबर खायला लागला. चतकोर झाली, अर्धी झाली. गोठ्यातून म्हशीनं ठरल्या वेळेला आवाज दिला. तात्यानं तिकडं पाहिलं आणि खात राहिला. त्या दिवशी म्हशीला काही मिळालं नाही.

पौषात प्रियंकाला मुलगी झाली. मिराबाईचा फोन आला, पोरगी दुसऱ्या कशावर झोपत नाही, हत्ती-घोड्यांवर तर टाहो फोडते. बारशाला गेले तर ती चार बायकांना सांगत होती, "ज्याचा शेवटचा टाका, त्याची वाकळ. आमच्या आजेसासूपासून चालत आलंय हे." मी मान डोलावली.

तात्या आता घरातच राहतो. दुपारी हाताला चैन पडत नाही त्याच्या. परवा मी भाकरी घेऊन गेले, तर माझ्या अंगावरच्या अंजिरी लुगड्याकडं बघत बसला.

"आक्का, हे कवा फाटंल?"

"नवं हाय रं मेल्या, औंदाच्या दिवाळीचं!"

"न्हाई, मऊ दिसलं म्हनून इचारलं," तो म्हणाला. आणि मग, मी निघता निघता, "तू जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी वावरातून येताना बाभळीच्या कुंपणाला माझा अंजिरी पदर अडकला. एरवी मी थांबते आणि काटा हळू सोडवून घेते. त्या दिवशी मला घाई होती.